सत्काराच्या मांडवात परत आलेल्यांनाही बोलवा

प्रति,
गावोगावी स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन मेळावे आणि गुणवंतांचे सत्कार भरवणाऱ्या ग्रामपंचायती, महाविद्यालये, तरुण मंडळे आणि क्लासचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात असाच एक मेळावा झाला. माझा भाचा बारावीत आहे, त्याला घेऊन मी गेलो होतो. व्यासपीठावर तिघांचा सत्कार होता: एक नायब तहसीलदार, एक पोलीस उपनिरीक्षक आणि कर सहायक झालेली एक मुलगी. फेटे बांधले गेले, शाल-श्रीफळ झाले, आई-वडिलांनाही वर बोलावून त्यांचाही मान केला गेला, आणि ते पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आले, कारण त्या घरांनी काय सोसले असेल याची मला पुरती कल्पना आहे. पुढे तिघेही बोलले आणि मनापासून बोलले. सुरुवातीला अपयश आले, खचलो नाही, रोज बारा-चौदा तास बसलो, फोन बंद ठेवला आणि शेवटी पोस्ट निघाली म्हणजे निवड झाली, असे थोड्याफार फरकाने तिघांनीही सांगितले. समोरची मुले ते वहीत उतरवून घेत होती. परतताना मोटारसायकलवर मागे बसलेल्या भाच्याने विचारले, "मामा, तुम्ही पुण्यात किती तास अभ्यास करायचात?" मी म्हणालो, "बारा तरी." तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मग तुमची का नाही निघाली?"

त्या रस्त्यावर मला त्याला नीट उत्तर देता आले नाही. ते मी येथे देतो आहे आणि आपल्याला उद्देशून देतो आहे, कारण हा प्रश्न त्याच्या मनात आपल्या व्यासपीठाने रुजवला. जो बारा तास बसतो त्याची निघते असे ऐकून आलेल्या मुलाला, ज्याची निघाली नाही त्याने कुठेतरी कसूर केली असणार असेच वाटणार. भाच्याचा त्यात काही दोष नाही.

मी परभणी जिल्ह्यातला. २०१४ साली पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात गेलो आणि २०२१ मध्ये परत आलो. या सात वर्षांत महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेची पूर्व परीक्षा तीनदा उत्तीर्ण झालो, मुख्य परीक्षा तीनदा दिली आणि एकदा मुलाखतीपर्यंत पोहोचलो. पद मिळाले नाही. आज मी तहसील कार्यालयाच्या समोरच्या रांगेत एका लहानशा गाळ्यात बसतो आणि लोकांची महसुली कामे, म्हणजे वारस नोंदी, फेरफार, दुरुस्तीचे अर्ज, हरकती, हे सारे लिहून देतो. या कामात मला समाधान आहे. ते कसे मिळाले हे पुढे सांगतो, पण त्याआधी थोडा हिशेब मांडणे भाग आहे, कारण आपल्या मेळाव्यांत तो मांडलेला मी अजून ऐकलेला नाही.

२०२३ मध्ये तलाठ्याच्या ४,६४४ जागा निघाल्या आणि त्यांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार होते. २०२४ च्या पोलीस भरतीत जागा सतरा हजारांच्या पुढे होत्या आणि अर्ज सतरा लाखांच्या पुढे. तेथे एका जागेमागे शंभर. राज्यसेवेच्या २०२२ च्या परीक्षेसाठी सर्व संवर्ग मिळून पदे अखेर ६२३ पर्यंत वाढली आणि ती गेल्या कित्येक वर्षांतील मोठी संख्या म्हणून आम्ही सगळे हरखून गेलो होतो. मी तोवर परत आलो होतो, तरी ती वाचून रात्रभर झोप लागली नाही. आता असा विचार करून पाहावा: त्या दहा लाख जणांनी, अगदी एकूण एक जणाने, रोज चौदा तास अभ्यास केला असता, तरीही जागा ४,६४४ च भरल्या असत्या. कोण निवडला जाईल हे मेहनतीने ठरते, किती निवडले जातील हे मेहनतीने ठरत नाही. भाच्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे, आणि ते देण्यासाठी एक भागाकार पुरतो. तो भागाकार व्यासपीठामागच्या फलकावर, पाहुण्यांच्या नावांखाली मोठ्या अक्षरांत लिहिला जावा असे मला मनापासून वाटते.

याचा अर्थ निवड झालेल्यांचे यश नशिबाचे आहे असा कोणी घेऊ नये. त्यांची पात्रता निर्विवाद आहे, माझ्याबरोबर एकाच अभ्यासिकेत बसून अधिकारी झालेले मित्र आज उत्तम काम करत आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. माझे म्हणणे उरलेल्यांबद्दल आहे.

निकाल लागला की नवी पेठ, लोकमान्यनगर आणि शास्त्री रस्त्याच्या त्या पट्ट्यात एक शब्द सारखा कानावर पडतो, तो म्हणजे "राहिलो". "नापास झालो" असे तेथे कोणी म्हणत नाही. "एका प्रश्नाने राहिलो", "अडीच मार्कांनी राहिलो", असे म्हणतात, आणि या शब्दातच सारी अडचण भरलेली आहे. सामान्य अध्ययनाच्या पूर्व परीक्षेत शंभर प्रश्न असतात, एका प्रश्नाला दोन गुण असतात आणि चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक चतुर्थांश वजावट असते. पहिली उत्तरतालिका येते, तिच्यावर हरकती घेतल्या जातात, अंतिम तालिकेत एखाददुसरे उत्तर बदलते किंवा प्रश्नच रद्द होतो, आणि काल कट ऑफच्या वर असलेला मुलगा आज खाली येतो. अडीच गुणांनी राहिलेल्याला वाटते की आपण दाराशी पोहोचलो आहोत, आता एकच ढकल हवी. पण त्या अडीच गुणांच्या पट्टीत त्याच्यासारखे हजारो जण उभे असतात, आणि पुढच्या वर्षी त्यांच्याबरोबर नव्या दमाची, बावीस वर्षांची मुले येतात. थोडक्यात हुकणे म्हणजे पुढच्या वेळी मिळण्याची हमी, असे आम्ही सर्वांनी मानले. मी स्वतः तीन वर्षे केवळ या एका समजुतीवर काढली. मोठ्या फरकाने राहिलो असतो तर कदाचित २०१८ मध्येच परत आलो असतो.

त्यातच काळ उमेदवाराच्या हातात नसतो. ५ एप्रिल २०२० रोजी ठरलेली राज्यसेवेची पूर्व परीक्षा महामारी आणि आरक्षणाचा न्यायालयीन प्रश्न यांतून पुढे पुढे जात अखेर २१ मार्च २०२१ रोजी झाली. त्याआधी १४ मार्चची तारीख अगदी तोंडावर पुढे ढकलली गेली तेव्हा मुले रस्त्यावर उतरली होती, हे आपल्याला आठवत असेल. २०२२ मध्ये मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे जाहीर झाले, तो बदल लगेच लागू होऊ नये म्हणून पुण्यात आंदोलने झाली आणि अखेर तो २०२५ पासून आला. २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्व परीक्षा बँकेच्या परीक्षेच्या दिवशीच येत असल्याने पुढे गेली आणि १ डिसेंबरला झाली. यांतल्या प्रत्येक निर्णयाला काहीतरी कारण होते आणि त्या कारणांचा वाद मी येथे काढत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की "दोन वर्षे देतो" म्हणून घरून निघालेल्या मुलाची दोन वर्षे दिनदर्शिकेवर चार कशी होतात. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षांपर्यंत वयाची सवलत आहे, ती शेतकऱ्याच्या, उशिरा शिकलेल्याच्या मुलासाठी चांगलीच आहे. पण थांबण्याची तारीख नियम ठरवून देत नाही. ती घराने आणि मुलाने मिळून ठरवायची असते, निघण्याआधीच, आणि ती कशी ठरवायची हे मेळाव्यात कोणीच सांगत नाही.

अभ्यासिकेतील माझी जागा खिडकीपासून तिसरी होती. प्लायवूडच्या पट्ट्या ठोकून केलेले अडीच फुटांचे खण, प्रत्येक खणात एक पंख्याचा झोत, आणि समोरच्या पट्टीवर जवळजवळ प्रत्येकाने एक चिठ्ठी डकवलेली असे. माझ्या चिठ्ठीवर माझे नाव आणि त्याखाली "तहसीलदार" असे लिहिले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये जागा सोडली त्या दिवशी पुस्तकांचे दोन खोके मी अप्पा बळवंत चौकात न विकता नुकत्याच आलेल्या एका मुलाला देऊन टाकले आणि ती चिठ्ठी नखाने खरवडून काढली. कागद निघाला, पण डिंकाचा चौकोन तसाच राहिला. शेजारच्या खणातला मित्र हे सारे पाहत होता. तो काही बोलला नाही, उठून खाली गेला आणि दोन चहा घेऊन आला.

पुढचे सहा महिने सांगणे अवघड आहे, तरी सांगतो, कारण परत आलेल्या प्रत्येकाचे ते तसेच असतात. दिवस उजाडण्याआधी मी शेतात जायचो आणि अंधार पडल्यावर घरी यायचो, केवळ पारावरच्या मंडळींची गाठ पडू नये म्हणून. "मग, निघालं का काही?" असे ते विचारत आणि त्यात वाईट हेतू मुळीच नव्हता. लग्नकार्याला जाणे मी बंद केले. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो तेव्हा समोरच्या बाईंनी अर्जावर पेन टेकवून विचारले, "२०१४ ते २०२१, ही सात वर्षे काय केलंत?" मी खरे ते सांगितले. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या उमेदवाराला आत पाठवायला सांगितले. घरात कोणीही मला एका शब्दाने बोलले नाही, पण धाकट्या बहिणीचा नर्सिंगचा प्रवेश माझ्या दुसऱ्या मुख्य परीक्षेच्या वर्षी पैशाअभावी एक वर्ष पुढे गेला होता, हे मला परत आल्यावर आईकडून कळले. पुण्याचा माझा खर्च सुरुवातीला महिन्याला साडेपाच हजार होता, शेवटी नऊ हजार झाला. कॉट, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज यांत तो जायचा. बहिणीने तो विषय आजवर माझ्यापाशी काढलेला नाही.

मुलींविषयी येथेच लिहिले पाहिजे. मुलींना मुदत मिळते आणि ती कडक असते: दोन वर्षे, मग स्थळे पाहणे सुरू. माझ्या ओळखीच्या एका मुलीने पूर्व परीक्षा पहिल्याच प्रयत्नात काढली, मुख्य परीक्षेत राहिली, आणि तिसरे वर्ष तिला मिळाले नाही. मुलांना मात्र मुदतच नसते, ती तिशी ओलांडेपर्यंत "तयारी" करत राहतात आणि घर पैसे पाठवत राहते. दोन्हीकडे नुकसानच आहे. सत्काराच्या वेळी आपण आई-वडिलांना व्यासपीठावर बोलावता तेव्हा निदान एवढे त्यांच्या कानावर घालावे की मुलाला आणि मुलीला सारखीच वर्षे द्यावीत आणि ती आधी बोलून ठरवावीत.

आता कामाविषयी. मला तहसीलदार व्हायचे होते त्याला एक कारण होते. आजोबा २००३ साली वारले. वडील आणि तीन चुलते अशा चौघांची नावे सातबाऱ्यावर लागायला तीन वर्षे गेली. नाव नसल्याने वडिलांना सोसायटीचे पीक कर्ज मिळेना, आणि त्या कार्यालयात वडिलांनी घातलेल्या खेपांपैकी अकरा खेपांना मी बरोबर होतो. एसटीत खिडकीची जागा मिळायची म्हणून मला ते आवडायचे. बाकावर बसून वडील टोपी काढून हातात धरत आणि आत बोलावणे यायची वाट पाहत. त्या टोपी धरलेल्या हातांमुळे मला त्या खुर्चीत बसायचे होते. मुलाखतीत मला "महसूल विभागच का?" असा प्रश्न विचारला गेला तेव्हा मी तयारी करून गेलेले गुळगुळीत उत्तर दिले आणि ही गोष्ट सांगितली नाही. सात वर्षांत ती माझ्या मनातून इतकी मागे गेली होती की ऐन वेळी आठवलीच नाही. पदाचा विचार करता करता कामाचा विसर पडला होता.

२०२२ च्या सुरुवातीला एका निवृत्त तलाठ्यांनी, ज्यांना मी काका म्हणतो, मला बोलावून घेतले. ते तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. डोळ्यांनी नीट दिसेनासे झाले होते आणि त्यांना टंकलेखन येणारा, शासन निर्णय वाचून समजणारा कोणी हवा होता. रोजाचे दोनशे रुपये ठरले. पहिले पंधरा दिवस मी मान वर करून पाहिले नाही, कारण समोरच्या इमारतीत ज्या खुर्चीची चिठ्ठी मी खरवडून आलो होतो ती खुर्ची होती. काकांनी मला जमीन महसूल अधिनियम १९६६ परीक्षेसाठी नव्हे तर कामासाठी वाचायला लावला. वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी कोणत्या कलमाने द्यायची, ती वारस नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये कशी चढते, चौकशीनंतर फेरफार कसा धरला जातो, नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस का थांबावे लागते, मंडळ अधिकारी नोंद कधी मंजूर करतात, आणि लेखनप्रमादाची चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज कसा करायचा, हे एकेक प्रकरण हातात घेऊन त्यांनी शिकवले. पुण्यात मी जे सात वर्षे केले त्यातले पुष्कळसे येथे कामी आले नाही, पण तासन्‌तास एका जागी बसून किचकट मजकूर वाचण्याची आणि त्याचे सोपे वाक्य करण्याची सवय मात्र पूर्ण कामी आली.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात सत्तरीच्या पुढच्या एक आजी आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद होते. नवरा जाऊन सहा वर्षे झाली होती, दोन एकर जमीन अजून त्याच्याच नावावर होती आणि त्यामुळे पीक विमा नाही, अनुदान नाही, कर्ज नाही. आधार कार्डावर नाव कौसल्याबाई होते आणि शिधापत्रिकेवर कौसाबाई, एवढ्यावर काम दोनदा अडले होते. आम्ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र केले, मृत्यू दाखल्याची प्रत काढली, वारसांची यादी जोडली आणि अर्ज दाखल केला. नोटिशीची मुदत गेली, नोंद मंजूर झाली, आणि पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मी त्यांच्यासमोर छापून हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हते. कागद उलटसुलट पाहून त्या म्हणाल्या, "लेकरा, माझं नाव कुठंय तिथं माझं बोट ठेव." मी त्यांचे बोट धरून त्यांच्या नावावर ठेवले. त्या बराच वेळ ते तसेच ठेवून बसल्या. मला माझ्या वडिलांची टोपी आठवली, आणि त्या दिवशी मी प्रथमच दिवसाउजेडी पारावरून घरी गेलो.

२०२५ मध्ये शासनाने "जिवंत सातबारा" मोहीम काढली आणि मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम राज्यभर हाती घेतले, तेव्हा आमच्या आसपासच्या गावांतील अनेक कुटुंबांची कागदपत्रे मी जुळवून दिली. आता माझी मिळकत महिन्याला पंचवीस हजारांच्या आसपास जाते. हंगामात थोडी अधिक, इतर वेळी कमी. तहसीलदाराच्या वेतनाशी तिची तुलना होणार नाही, तिला निवृत्तिवेतन नाही आणि लग्नाच्या बाजारात तिचे मोल काय हे मी जाणतो. तरीही आजोबांच्या फेरफारासाठी मला जे करायचे होते, त्यातले बरेचसे मी खुर्चीच्या अलीकडे बसून करतो आहे.

माझ्यासारखे प्रत्येकाचे जुळून येईल असे मी म्हणत नाही. मला काकांनी हात दिला नसता तर मी आजही अंधारात शेतावरून येत असतो. तयारीला लागणाऱ्यासाठी बार्टी, सारथी, महाज्योती यांसारख्या शासनाच्या संस्था आहेत, विद्यावेतन आहे, वसतिगृहे आहेत, आणि ते सारे हवेच. परत येणाऱ्याच्या वाट्याला मात्र एखाद्या काकांची भेट होते की नाही एवढेच उरते. हे योगायोगावर सोडता कामा नये, आणि येथे आपण, मेळावे भरवणारे, पुष्कळ करू शकता. त्यासाठी फार पैसाही लागत नाही.

पुढच्या मेळाव्यात तीन सत्कारमूर्तींबरोबर तीन परत आलेल्यांना व्यासपीठावर बसवावे. त्यांना फेटा नको, शाल नको, फक्त पंधरा मिनिटे द्यावीत आणि त्यांनी किती वर्षे दिली, केव्हा थांबायला हवे होते, परतल्यावर पहिले काम कसे मिळाले, एवढेच विचारावे. मुलांना त्यातून भीती बसेल असे काही आयोजकांनी मला सांगितले. माझा अनुभव उलट आहे. परतीची वाट दिसत असेल तर माणूस निश्चिंत मनाने अभ्यास करतो; वाटच नाही असे वाटते तेव्हाच तो पाचव्या, सहाव्या प्रयत्नाला चिकटून राहतो. पूर्व परीक्षेच्या रात्री मला झोप लागत नसे ती अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे, हे गेले तर मी कोण, याला उत्तर नव्हते म्हणून.

क्लासचालकांना माझी विनंती अशी की यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे आपण फलकावर जरूर लावावीत, पण त्या वर्षी एकूण किती जणांनी प्रवेश घेतला होता तो आकडा त्याच फलकावर, तितक्याच मोठ्या अक्षरांत द्यावा. पालकाने शुल्क भरण्याआधी दोन्ही आकडे एकत्र पाहिले पाहिजेत. ज्यांचा दर्जा खरोखर चांगला आहे त्यांचे यात काही बिघडणार नाही.

महाविद्यालयांनी पदवीच्या पहिल्याच वर्षी मुलांना एक प्रश्न लेखी विचारावा: त्या खुर्चीत बसून तुला नेमके काय करायचे आहे? "समाजसेवा" हे उत्तर स्वीकारू नये. कोणाचे, कोणते काम, ते लिहायला लावावे. मग उन्हाळ्याच्या सुटीत त्या कामाच्या जवळ महिनाभर पाठवावे. ज्याला महसुलात जायचे आहे त्याने सेवा केंद्रात किंवा वकिलाच्या कार्यालयात बसावे, जिला पोलिसांत जायचे आहे तिने महिला समुपदेशन केंद्रात, ज्याला गटविकास अधिकारी व्हायचे आहे त्याने चार ग्रामसभांना हजर राहून इतिवृत्त लिहावे. काहींना कळेल की हे काम आपल्याला आवडत नाही, पदाचा मान तेवढा हवा होता, आणि ते एकविसाव्या वर्षी कळणे एकतिसाव्या वर्षी कळण्यापेक्षा कितीतरी बरे. उरलेल्यांना त्या कामाची ओढ लागेल. त्यांची परीक्षा निघाली नाही तरी ती ओढ त्यांच्याजवळ राहील आणि तिच्या आधाराने ते दुसरीकडून त्याच कामाशी येतील.

ग्रामपंचायतींना एवढेच सांगणे आहे की गावातच चांगली अभ्यासिका आणि इंटरनेट दिले तर निदान पहिले वर्ष मुले घरी राहून, अर्धा दिवस काही काम करत तयारी करू शकतील, आणि हाताला कामाची सवय राहिली तर परतणे इतके जड जात नाही.

आमच्या तालुक्यात माझ्यासारखे परत आलेले आणखी चार जण मी शोधले आहेत. एक चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम पाहतो, एक आश्रमशाळेत शिकवतो, एकाने भाजीपाल्याच्या रोपांची वाटिका काढली आहे, आणि जिला तिसरे वर्ष मिळाले नाही असे वर लिहिले ती मुलगी आता बचत गटांचे हिशेब आणि बँकेची कामे पाहते. पाचही जण बोलायला तयार आहेत. भाच्याला मी सांगितले आहे की त्याच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर तो आमच्या तोंडून ऐकेल, आणि त्याने पहिल्या रांगेतली जागा आत्ताच मागून ठेवली आहे. दिवाळीनंतर आपले मेळावे पुन्हा सुरू होतील. आम्ही आपापल्या खर्चाने येऊ, फक्त बोलावणे आठ दिवस आधी यावे, कारण चाकणच्या मित्राला शिफ्ट बदलून घ्यावी लागते.

आपला नम्र,
पुण्याहून परत आलेला एक उमेदवार,
परभणी जिल्हा